ध्यानाला बसलेलं झाड

माझा धंदा झाडांना म्हातारं करायचा आहे. कोवळ्या फांद्या तारेने आवळून खाली ओढायच्या, जागोजागी साल सोलायची, मुळं छाटायची, आणि पाच-सहा वर्षांनी ते झाड वाकलेलं, सोसलेलं, पण अजून उभं असलेलं दिसायला लागलं की कौतुकाने गिऱ्हाइकापुढे ठेवायचं. माणसांच्या बाबतीत हे काम नातेवाईक करतात, आणि तेही फुकट. झाडांसाठी मात्र शिकावं लागतं.

मी ऑलिव्हची बोन्साय करते. मादन हिप्परग्याहून निंबर्ग्याकडे जाताना आमचं शेत लागतं. शेतात तूर आणि हरभरा, आणि जिथे पूर्वी कडब्याची गंज असायची त्या उघड्या जागेवर माझी साठेक झाडं. ऑलिव्ह म्हणजे जैतून. पिझ्झ्यावर काळ्या चकत्या असतात ते, असं सांगितलं की बिदरमधली मुलं ओळखतात. मालिशचं तेल म्हटलं की त्यांच्या आज्या. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, यातलं काहीच सांगणं सोयीचं वाटत नाही. ते गावात म्हणतात, "पोरगी नर्सरी करायलीय." कसली, असं कुणी विचारलं तर ते चहा मागवतात.

ऑलिव्हला आमच्याकडचं ऊन आवडतं, ही त्याची एकमेव सोय. फळ मात्र धरत नाही, कारण त्याला फुलायला जेवढी थंडी लागते तेवढी आमच्याकडे फक्त बँकेच्या एसीत असते. आणि त्याला मुळाशी साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. त्यामुळे आमची काळी माती, जिच्याबद्दल अप्पा नातवंडाबद्दल बोलावं तसं बोलतात, ती त्याला विष. मी बिदरहून लाल मुरूम आणते, चाळते, भुकटी फेकून देते आणि हरभऱ्याएवढे खडे ठेवते. पहिली पोती उतरवली तेव्हा अप्पा बांधावर उभे होते.

"जगात लोक मुरूम काढून काळी माती टाकतेत," ते म्हणाले. "हिला हे शिकवलं कुणी?"

"कॉलेजात," आई म्हणाली.

"मग बरोबर हाय."

पाणी कधी घालायचं, हे या धंद्यातलं अर्धं शिक्षण. मुरूम ओला असला की गडद विटकरी दिसतो, सुकला की फिका पडतो. फिका पडला की घालायचं, गडद असेल तर हात मागे घ्यायचा. एवढंच. हे शिकायला मला एक वर्ष आणि अकरा झाडं लागली. कारण ऑलिव्ह तहानेने मरत असलं तरी पानं गाळतं आणि बुडून मरत असलं तरी पानंच गाळतं. आपण गळलेली पानं बघतो, आपल्याला दया येते, आणि आपण अजून पाणी घालतो. दयेने मेलेली झाडं मी पुष्कळ पाहिली आहेत. दुष्टपणाने मेलेलं एकही नाही.

गिऱ्हाइकं चांगली असतात. ती मनापासून विचारतात, "हे मोठं कधी होणार?" होऊ नये म्हणूनच मी सहा वर्षं राबले, हे त्यांना सांगवत नाही. कलबुर्गीच्या एका डॉक्टरांनी झाड घेतलं आणि पेशंट बसतात त्या खोलीत, एसीखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात ठेवलं. महिन्याने त्यांनी मला बोलावलं आणि झाडाला नेमकं काय झालंय ते विचारलं. मी खिडकीबाहेरचं ऊन दाखवलं. त्यांनी विचारलं, गोळी काही आहे का? एका निवृत्त मास्तरांनी तर माझं चार वर्षांचं झाड नेऊन शेतात लावून टाकलं. पुढच्या वर्षी भेटले तेव्हा डोळे भरून आले होते त्यांचे. "बाळा, सुटका केली बघ त्या बिचारीची," म्हणाले. "आता छपरापर्यंत गेलीय." मी त्यांना नमस्कार केला. दुसरं काय करणार होते?

नाहीतरी मी बोलत कमीच. बिदरच्या ज्या इंग्रजी शाळेत मी वाढले तिथे प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून मग बोलायची सवय लागली. वाक्य तपासून होईपर्यंत समोरच्याचं बोलणं संपलेलं असायचं. ती सवय पुढे मराठीत आली, कन्नडात आली, दखनीतही आली. आज मला चार भाषांत गप्प बसता येतं. ज्या झाडाबद्दल मला लिहायचं आहे, ते माझ्या या गुणामुळे मरायला टेकलं होतं.

ते झाड मला बेंगळुरूला मिळालं. तिथे एका नर्सरीत मी दोन वर्षं काम केलं. नर्सरीवाल्यांनी गाड्या लावायच्या जागेसाठी जमिनीतली ऑलिव्हची एक रांग उपटली, तेव्हा एक बुंधा मी मागून घेतला. अकरा वर्षांचं झाड, पिंढरीएवढं जाड, वर एक फांदी नाही. ओल्या पोत्यात गुंडाळून बसच्या डिकीतून मी ते आणलं. कंडक्टरने विचारलं, सरपण एवढ्या लांबून कामून न्यायलाव? सहा वर्षं मी त्या बुंध्यावर घालवली. त्याने फुटवे काढले, मी निवडले, बाकीचे खुडले. तार वेळेवर नाही काढली तर सालीत रुतते, म्हणून तापात असतानाही उठून तार कापली. एका बाजूचं खोड वाळलं होतं. ते कोरून त्याला चुना-गंधकाचं पाणी लावलं. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण त्याने लाकूड कुजत नाही आणि पांढरंशुभ्र होतं. राखाडी खोड, त्यातून वर जाणारा तो पांढरा पट्टा आणि वर चांदीसारख्या पानांचे तीन ढग. माझ्याकडे तसं दुसरं झाड नव्हतं. अजूनही नाही.

चन्नप्पा शेठ शेतावर आले ते पांढऱ्या गाडीतून. बिदरबाहेर कोळारला त्यांची ठिबकच्या पाइपांची कंपनी आहे. फाटकावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: पाणी मोजून, पीक भरून. त्यांनी साठ झाडांवरून नजर फिरवली आणि त्याच्यापाशी थांबले.

"किती वर्षाचं हाय हे?"

मी वाक्य तपासत होते.

"शंभर तर असंल की."

मी खाली पडलेला तारेचा तुकडा उचलला.

"दीडशे?"

मी तो खिशात ठेवला.

"पोरगी बोलायलीच न्हाई," ते ड्रायव्हरला म्हणाले. "म्हंजे जास्तच हाय."

माझ्या गप्प बसण्यात लाजेचा वाटा निम्मा होता. उरलेला निम्मा, आता लिहायला हरकत नाही, खुशीचा होता. सतरा वर्षांचं झाड कुणाला दीडशेचं वाटलं, यापरतं सर्टिफिकेट आमच्या धंद्यात नाही. त्यांनी ते नव्या इमारतीच्या दारात, पोर्चमध्ये, ठेवायचं ठरवलं. सकाळचं ऊन येतं, येणारा-जाणारा बघतो, वर्षातून दोनदा येऊन मी छाटणी करायची, असं ठरलं. मला नाही म्हणता आलं असतं. मी वाक्य तपासत होते.

तोंडी सांगणं वाचावं म्हणून मी काळजीच्या सूचना छापून दिल्या. इंग्रजीत, सात मुद्दे, लॅमिनेट करून. त्यातले चार मुद्दे पाणी कमी घाला असेच होते.

दीड महिन्याने मी गेले तेव्हा आधी मला उदबत्तीचा वास आला. मग पोर्चच्या पायरीवर चपलांची रांग दिसली. झाडाच्या फांदीला लाल दोरे, भांड्यापुढे पणती, आणि मागे भिंतीवर माझ्या सात सूचना. त्यांना हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली होती.

सुरुवात नागम्मांनी केली होती. नागम्मा तिथे झाडलोट करतात. पन्नाशीच्या, गळ्यात लिंग, कपाळावर विभूती. खोडावरचा पांढरा पट्टा त्यांनी पहिल्याच दिवशी बघितला.

"आपोआप आलीय बगा विभूती," त्या मला समजावून सांगायला लागल्या, जणू मी प्रथमच येत होते. "दीडशे वर्साचं झाड हाय अक्का. दीडशे वर्सं उभ्यानं तप केलंय त्यानं."

फाटकावरचे रहीम चाचा त्यांच्या मागोमाग आले होते. "जैतून है बेटा," ते म्हणाले. "बरकत का झाड. मैं रोज फजर के बाद एक लोटा देतूं."

नागम्मांचा तांब्या सकाळी, चाचांचा त्याच्या आधी, पहाटेच्या नमाजानंतर. मग पॅकिंगच्या बायका येताना एकेक, जाताना एकेक. मग ऑफिसातले, पगारवाढ व्हावी म्हणून. पुढे पानं पिवळी पडायला लागली, तेव्हा झाड रुसलंय असं ठरलं आणि सोमवारी दूधही सुरू झालं. दिवसाला पंचवीस-तीस तांबे होत असतील. फाटकावर तेव्हाही लिहिलेलं होतंच: पाणी मोजून, पीक भरून.

मी मुरमात बोट घातलं. वरपर्यंत पाणी. आंबूस वास. मला कळेना, एवढं पाणी खाली निघून का जात नाही? मी भांडं एका बाजूने उचलून तळाशी बघितलं. नव्या ग्रॅनाइटवर ओघळ येतात म्हणून कुणीतरी तळाच्या दोन्ही भोकांना कंपनीच्याच पाइपांची टोपणं बसवली होती. चिकटवून. एक थेंब गळत नव्हता. कंपनीचा माल खरोखर चांगला आहे.

झाडाची अर्धीअधिक पानं गेली होती. साल नखाने खरवडून बघितली; आत अजून हिरवं होतं, पण फिकट. आठ दिवस उशीर झाला असता तर मी फक्त भांडं परत आणायला गेले असते.

चन्नप्पा खाली आले. शिफ्ट बदलत होती, त्यामुळे पोर्चपुढे पंचवीस-तीस माणसं जमली. मी म्हणाले, "मी झाड शेतावर नेते. दोन महिने ठेवते."

"देव जागा सोडत न्हाई," नागम्मा म्हणाल्या. लोकांनी माना हलवल्या. चन्नप्पांनी लोकांकडे बघून मान हलवली.

मग मला खरं बोलावं लागलं. पहिल्यांदा म्हणाले ते कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. "हे झाड सतरा वर्षांचं आहे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान."

मागून एक बाई हळूच दुसरीला म्हणाली, "म्हंजे मॅडम सत्तावीसच्या हायत व्हय? आन् अजून लगीन न्हाई?"

"आणि ही विभूती नाही," मी म्हणाले. माझे कान तापले होते. "चुना-गंधकाचं पाणी आहे. मी ब्रशने लावलंय. तीन वेळा."

नागम्मांनी माझ्याकडे फार मायेने बघितलं. "तुमच्या हातनं लावून घेतलं त्यानं," त्या म्हणाल्या.

मी चन्नप्पांकडे वळले. निदान ते तरी. ते लोकांना सांगत होते, "पोरगी लाजाळू हाय. मोठेपना घेत न्हाई."

सत्तावीस वर्षांत जे काही धैर्य साठवलं होतं ते असं तीन वाक्यांत खर्च झालं, आणि कुणी त्याची पावतीही दिली नाही. झाड समोर मरत होतं. मी पिशवीतून करवत काढली.

झाड भांड्यातून उपसलं तेव्हा गर्दी दोन पावलं मागे सरली, वासामुळे. मुळं काळी झाली होती आणि चिमटीत घेतली की वरची साल मोज्यासारखी निघत होती. मेलेलं मूळ कापायचं ते पांढरं लाकूड दिसेपर्यंत. किती वर जावं लागेल ते कापल्याशिवाय कळत नाही. बुंधा कुणीतरी धरायला हवा होता. नागम्मांनी झाडू ठेवला, पदर खोचला आणि धरला.

"दुखतंय का त्याला?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

दोन तृतीयांश मुळं गेली. उरली ती ओंजळीत मावतील एवढी. रहीम चाचांनी कंपनीच्याच ड्रिलने तळाची टोपणं फोडून दिली. मी कोरडा मुरूम भरला, बुंधा तारेने भांड्याला बांधला, नुसता पानांवर फवारा मारला आणि हात पुसत उभी राहिले. तेवढ्यात पॅकिंगमधली एक बाई भरलेला तांब्या घेऊन पुढे आली. बिचारं एवढं कापून घेतलं, त्याला पाणी नको?

आणि मी बोलले. वाक्य न तपासता.

"थांबा. इकडे बघा सगळे. हा मुरूम गडद दिसला की समजायचं झाड ध्यानाला बसलंय. ध्यानाला बसलेल्यावर कुणी पाणी ओततं का? मुरूम फिका पडला की ध्यान सुटलं. तेव्हा एक तांब्या, एकाच्या हातचा. बाकीच्यांनी लांबून हात जोडायचे. दूध नाही. आणि तळाच्या भोकांतून ते श्वास घेतं, ती बुजवली तर बुजवणाऱ्याला पाप."

बाईने तांब्या खाली ठेवला.

"सच बोली बेटी," रहीम चाचा म्हणाले. "इबादत में बैठे कू छेड़ते क्या?"

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय, अक्का?" नागम्मा म्हणाल्या. "आमाला काय ठाऊक?"

आयुष्यात पहिल्यांदा तीस माणसांपुढे मी न अडखळता बोलले, आणि ते धडधडीत खोटं होतं. निदान खरं तरी नव्हतं. इंग्रजीतले सात मुद्दे जे करू शकले नाहीत ते एका ध्यानाने केलं. नागम्मांनी ताबा घेतला. त्या सकाळी मुरूम बघायच्या, बोटाने चाचपायच्या आणि त्या दिवशीचा मान कुणाचा ते जाहीर करायच्या. ऑफिसातल्या एका साहेबांनी मुरूम गडद असताना पाणी घातलं, तर नागम्मांनी त्यांना पायरीवर उभं करून झाडलं. ते साहेब पुढे आठ दिवस मागच्या दाराने येत होते. माझ्या अकरा झाडांनी मला जे शिकवलं ते नागम्मा तीन आठवड्यांत शिकल्या. अडीच महिन्यांनी खोडावर मोहरीएवढे हिरवे ठिपके आले. त्यांनीच मला फोन केला. त्या बोलत होत्या, मी ऐकत होते. माझं नेहमीचंच.

इथे लेख संपवला असता तर माझी बाजू छान दिसली असती. पण झाड जगलं की वाढतं.

पुढच्या हंगामात मी ठरल्याप्रमाणे छाटणीला गेले. झाड दाट झालं होतं. बुंध्यातून सरळसोट फुटवे निघाले होते, तीन ढगांचा एक झुडूपवजा गोळा झाला होता. मी कात्री काढली. नागम्मा आडव्या आल्या.

"हे काय करायलाव?"

"छाटणी."

"ध्यानाला बसलंय न्हवं?" त्यांनी मुरमाकडे बोट केलं. गडद होता. "तुमीच सांगितलं की. बसलेल्याला कात्री लावतेत व्हय?"

"मागे मुळं कापली तेव्हा तुम्हीच धरलं होतं."

"तवा ते आजारी हुतं. दवाखान्याची गोष्ट येगळी."

मी वर चन्नप्पांकडे गेले. त्यांनी बसायला सांगितलं, थंड मागवलं आणि म्हणाले, "तुमचं बरोबर हाय. पन कामगारांच्या भावना हायत, मॅडम." एकेकाळी मी पोरगी होते, आता मॅडम झाले होते आणि कात्री पिशवीत होती.

बाहेरच्यांना यात काय मोठं, असं वाटेल. झाड जिवंत आहे, हिरवं आहे, लोक हात जोडतात. पण बोन्साय छाटलं नाही तर बोन्साय राहत नाही. कुंडीतलं झाड होतं, जसं कुणाच्याही दारात असतं. माझ्या सहा वर्षांतली दोन माझ्या डोळ्यांदेखत पुसली गेली होती, उरलेली पुसायला दोन पावसाळे पुरे होते. आणि तक्रार कुणाकडे करणार? नियम मीच केला होता.

तेव्हापासून मी दर महिन्याला कोळारला जाते. अप्पांना वाटतं, मेंटेनन्सचं काम मिळालंय. आई समजते, पोरगी देवाधर्माला लागली. मी चपला पायरीवर काढते, झाडापाशी जाते, हात जोडते. ऑलिव्हचा कोवळा शेंडा मऊ असतो, त्याला कात्री लागत नाही. नखाने चिमटला की निघतो. जोडलेले हात पानांजवळ न्यायचे, डोळे मिटल्यासारखे ठेवायचे, आणि दोन्ही अंगठ्यांची नखं चालवायची. खुडलेले शेंडे ओढणीत. एका खेपेला पंधरा-वीस होतात. बुंध्यातले फुटवे वाकून नमस्कार करताना. जगात इतर कुठे बोन्सायची अशी छाटणी होत असेल असं मला वाटत नाही. हळूहळू ढग पुन्हा वेगळे दिसायला लागले. लोक म्हणतात, आपोआप आकार यायलाय.

नागम्मा त्या वेळी पोर्चमध्येच असतात. माझ्याकडे पाठ करून पायरी झाडतात. ती पायरी मी येण्याआधी स्वच्छ असते. कुणी तांब्या घेऊन यायला लागलं तर त्यांचा झाडू जोरात वाजतो आणि मी डोळे पूर्ण मिटते. हा योगायोग आहे असं मी बरेच महिने धरून चालले होते.

गेल्या खेपेला डावा ढग झाला, मधला झाला. ओढणीची गाठ मारली, हात जोडले आणि पायरी उतरून चपला घालायला लागले. नागम्मा झाडत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"अक्का," त्या म्हणाल्या, "उजव्या अंगाचं, खालचं एक ऱ्हायलं बगा."

मी परत चढून बघितलं. खरंच राहिलं होतं.